उन्हाळ कांदा: उपटण्यापासून चाळ फोडेपर्यंत, पहिल्यांदाच साठवणाऱ्यांसाठी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या चाळीखालच्या (चाळ म्हणजे कांदा साठवायचं उंच तळाचं, हवेशीर शेड) वाळूत ओल दिसली. वर छत कोरडं, बाजूने गळती नाही, आणि आठ दिवस पाऊसही नव्हता. तात्यांनी खाली वाकून वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "कांद्याचं पाणी आहे." चाळ फोडली. मधल्या भागात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवल्यासारखी. सव्वाशे क्विंटल भरला होता. विकण्यासारखा निघाला साठच्या आत, बाकीचा घमेल्याने उचलून बांधापलीकडच्या खड्ड्यात टाकला. तो वास कपड्यांतून आठवडाभर जात नव्हता.

तेव्हा मी सगळा दोष चाळीला दिला. चूक झाली होती एप्रिलमध्ये. अकरा वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी करून मी देवळा तालुक्यात घरच्या शेतीवर परत आलो, त्याचं ते पहिलंच वर्ष. अवकाळीच्या धसक्याने पात हिरवी असतानाच कांदा खांडला (म्हणजे पात कापून टाकली), दोन दिवसांत ट्रॉलीने आणून चाळीत ओतला. तात्या "थांब" म्हणत होते, मी त्यांना मोबाईलवर पावसाचा अंदाज दाखवत होतो. (पाऊस आला नाही, हेही सांगून टाकतो.)

त्यानंतर पाच हंगाम झाले. दर वर्षी गावात कोणीतरी नवखा असतो. कोणी पुण्याहून परत आलेला, कोणी वाट्याने जमीन घेतलेला, आणि तो विचारतो, "चाळ कशी बांधू?" मी उलटं विचारतो, "सुकवणार कसा?" या लेखातही सुकवणीलाच जास्त जागा दिली आहे, चाळीला कमी.

सुरू करण्याआधी: तुमचा कांदा टिकणारा आहे का?

खरिपाचा लाल कांदा चाळीत घालू नका. त्याची मान जाड असते, पत्ती पातळ असते, तो काढायचा आणि विकायचा. रांगडाही (उशिराच्या खरिपाचा) फार तर महिना-दीड महिना. चार-पाच महिने टिकतो तो उन्हाळ कांदा, ज्याला कागदोपत्री रब्बी म्हणतात. नोव्हेंबर ते जानेवारीत लागवड, मार्चअखेर ते मे काढणी. वाणांमध्ये एन-२-४-१, नाशिकच्या एनएचआरडीएफ या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अ‍ॅग्रीफाऊंड लाइट रेड, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हे साठवणुकीचे म्हणून ओळखले जातात. आमच्याकडे बरेच जण घरचंच उळं (रोपांसाठीचं कांद्याचं बी) टाकतात. ते चांगलंच असतं, पण डेंगळ्यांचं (अवेळी फुलाचा दांडा आलेल्या कांद्यांचं) आणि जोड कांद्याचं बी धरलेलं नसेल तर.

दुसरी गोष्ट युरियाची. लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी नत्र बंद करा. उशिरा युरिया टाकला की कांदा फुगतो, वजन दिसतं, शेजारी कौतुक करतात. पण मान अंगठ्याएवढी जाड होते आणि जाड मान सुकत नाही. ज्या प्लॉटला उशिरा खत पडलंय तो प्लॉट वेगळा ठेवा आणि थेट बाजारात न्या. अशा प्लॉटला सुकवणीने काही फरक पडत नाही.

काय काय लागेल

विळे किंवा चांगल्या धारेच्या कातऱ्या, पाट्या, घमेली, प्लॅस्टिकचे कॅरेट (असतील तर उत्तम), जुनी बारदानं, शेडनेट, दोन-तीन मोठ्या ताडपत्र्या, बांबू, दोरी. एक छोटा डिजिटल तापमान-आर्द्रतामापक घ्या, महाग नसतो. आणि एक वही. वहीत प्रत्येक प्लॉटची पाणी तोडल्याची, उपटल्याची, खांडल्याची आणि भरल्याची तारीख लिहा. ऑगस्टमध्ये "हा कुठल्या वावरातला कांदा?" असा प्रश्न पडतो तेव्हा ती वहीच कामाला येते.

१. पाणी तोडा

काढणीच्या १५ दिवस आधी शेवटचं पाणी. काळी भारी जमीन असेल तर आणखी चार-पाच दिवस आधी, मुरमाड असेल तर दहा-बारा दिवस पुरतात. शेवटच्या दिवसांत पाणी दिलं तर कांदा तेच पाणी पोटात घेऊन चाळीत जातो. विहिरीला पाणी असलं की हात शिवशिवतो, हे माहीत आहे. मोटार बंद ठेवा.

जमीन फार कडक झाली तर उपटताना पात हातात येते आणि कांदा मातीत राहतो. मग कुदळीने काढावा लागतो आणि कुदळीचे घाव बसतात. म्हणून ठिबकवाल्यांनी तारीख ठरवताना एकदा खुरप्याने माती उकरून बघावी.

२. मान पडायची वाट बघा

वावरात उभं राहून बघा. निम्म्या झाडांची पात मानेपासून मोडून आडवी पडली, टोकं पिवळी पडली, की कांदा तयार. साधारण ५० टक्के ही खूण. सगळ्या माना पडेपर्यंत थांबलात तर खालच्या मुळ्या परत चालू होण्याचा धोका असतो, वरची पत्तीही सुटते.

काही जण घाई करून पात पायाने तुडवतात किंवा वरून रिकामा ड्रम फिरवतात. खरिपात मान आपोआप पडत नाही म्हणून तिथे तसं करतात. उन्हाळ कांद्याला त्याची गरज नाही. पात आपणहून पडते याचा अर्थ कांद्याने वरचा रस्ता बंद करायला घेतलाय. तुम्ही तुडवून पाडलीत तर मान मोडते, पण रस्ता उघडाच राहतो.

३. उपटा, आणि पातीनेच झाका

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं काम.

उपटलेला कांदा लगेच खांडायचा नाही. पातीसकट वावरातच ओळीने आडवा मांडायचा, असा की दुसऱ्या ओळीची पात पहिल्या ओळीच्या कांद्यावर येईल, तिसरीची दुसऱ्यावर. घरावर कौलं चढवतो ना, तसं. वरून बघितलं तर पात दिसली पाहिजे, कांदा दिसायला नको. तीन ते पाच दिवस असाच.

दोन कारणं आहेत. एक, पातीतला उरलेला रस कांद्यात उतरतो आणि मान हळूहळू आवळत जाते. दुसरं ऊन. एप्रिलमध्ये देवळा, मालेगाव, सटाणा भागात पारा चाळिशी ओलांडतो. उघडा कांदा दुपारी भाजतो. भाजलेली बाजू आधी फिकट दिसते, हात लावला तर किंचित मऊ लागते, आणि चाळीत गेल्यावर तिथूनच सड सुरू होते. काढणीच्या दिवशी हा डाग ओळखूही येत नाही.

मजूर उक्ते असतील तर अशी मांडणी करून घेणं अवघड जातं. त्यांचा हिशोब एकराचा, ते ढीग टाकून पुढे जातात. बोली ठरवतानाच मुकादमाला सांगा आणि पहिल्या दोन वाफ्यांत स्वतः उभे राहा. मी दुसऱ्या वर्षी एकराला थोडे पैसे जास्त कबूल केले, आणि त्या वर्षी भाजलेला कांदा जवळजवळ निघालाच नाही.

या तीन-पाच दिवसांत वळवाचे ढग आले तर? ताडपत्री जवळ ठेवा, पण ढग दिसले म्हणून दिवसभर झाकून ठेवू नका. ताडपत्रीखाली उन्हात कांदा घामेजतो. सर आली तर झाका, सर गेली की काढा. भिजलाच तर हलवू नका, ओल्या कांद्याला हाताळलं की पत्ती निघते. वारा लागू द्या, एक-दोन दिवसांनी पलटवा. आणि तो कांदा चाळीसाठी नाही असं तिथेच वहीत लिहून टाका. गारपीट झाली असेल तर वादच नाही, मार लागलेला प्रत्येक कांदा बाजारात.

४. खांडणी: मान किती ठेवायची?

दीड इंच. एक इंचाच्या खाली कधीच नाही.

मजूर मान जेवढी बुडाशी कापतील तेवढा कांदा गोंडस दिसतो. व्यापाऱ्यालाही तो आवडतो, म्हणून थेट विक्रीच्या मालात ते चालतं. साठवणीच्या मालात मान हे बुच आहे. ते उडवलं तर उघड्या जखमेतून बुरशी आत जाते आणि मानसड लागते. वरून कांदा टणक, दाबला की मानेजवळ बोट आत जातं.

खांडण्याआधी ही चाचणी करा. मान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. आत काही सरकल्यासारखं, ओलसर, बुळबुळीत वाटलं तर अजून थांबा. दोऱ्यासारखी पिळवटली आणि कागदासारखी कुरकुरली तर खांडा. तात्या ही चाचणी डोळे मिटून करतात आणि बरोबर असतात. मी आजही दहा ठिकाणचे दहा कांदे उचलतो. दहापैकी दोनाहून जास्त ओले लागले की त्या दिवशी विळे घरी.

५. सावलीतली सुकवणी: दहा ते पंधरा दिवस

मी पहिल्या वर्षी नेमकी हीच पायरी खाल्ली. वावरातल्या तीन-चार दिवसांत पात सुकते, पण कांदा अजून सुकलेला नसतो. आतली मान आणि बाहेरच्या दोन-तीन पत्त्या पूर्ण कोरड्या व्हायला सावली आणि वारा लागतो.

जागा: आंब्याचं किंवा चिंचेचं झाड, शेड, गोठ्याची रिकामी बाजू, नाहीतर बांबूवर ताणलेलं शेडनेट. खाली जमीन उंचवट्याची, पाणी न साचणारी. खाली ताडपत्री अंथरू नका. खालून ओल धरते आणि तळाचा थर बसतो. त्यापेक्षा तुराट्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्या.

ढीग, ज्याला आमच्याकडे पोळ म्हणतात, दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. पसरट आणि लांबट ठेवा, आडवा वारा जाईल असा. वरून सुकलेली कांद्याची पात किंवा पाचट हलकं पसरा. काळा प्लॅस्टिक कागद नको, कितीही सोयीचा वाटला तरी. रात्री हवा थंड होते, आत दव धरतं, आणि सकाळी कागद उचलला की आतल्या बाजूला थेंब लटकलेले दिसतात. ते सगळे कांद्यावर पडतात.

चार-पाच दिवसांनी एकदा हलक्या हाताने पलटवा. फावडं वापरू नका. हाताने किंवा पाटीने.

काय बदलतं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी कांदा फिकट, चिकट, मातकट असतो. आठव्या-नवव्या दिवसापासून त्याच्यावर रंग चढू लागतो, विटकरी-गुलाबी. वरची पत्ती सुटून करकर वाजते, तिच्या खाली दुसरी पत्ती चमकते. बाजारात "डबल पत्तीचा माल" म्हणतात तो हाच. पाटी हलवली की आवाज बदललेला कळतो. ओला कांदा धप्प वाजतो, सुकलेला खडखडतो. मुळांच्या जागी बोट फिरवा, ती केसांसारखी मोडून पडली पाहिजेत. मान सुतळीएवढी बारीक झालेली असते.

दहा दिवस हे कमीत कमी. ढगाळ हवा असेल, मान थोडी जाड असेल, तर पंधरा, अगदी वीस. मे महिन्यात चाळ रिकामी दिसते आणि जीव खालीवर होतो, शेजाऱ्याची भरून झालेली असते. त्याच्या चाळीकडे बघू नका.

या काळात वजन थोडं घटतं. ते नुकसान नाही, ते पाणी आहे. तेच पाणी घेऊन कांदा चाळीत गेला असता तर आजूबाजूचे दहा कांदे घेऊन बसला असता.

६. निवड: निष्ठुर व्हा

सुकल्यावर एक-एक कांदा हाताखालून जाऊ द्या. हे बाहेर काढा:

जोड कांदा, डेंगळे (मधून फुलाचा दांडा आलेले, त्यांच्या मधोमध पोकळी असते आणि सड तिथूनच), जाड मानेचे, विळ्याचा किंवा कुदळीचा घाव असलेले, भाजलेले, पत्ती पूर्ण गेलेले, मऊ लागणारे. चिंगळी आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी ठेवा. ती टिकत नाही असं नाही, पण मोठ्या कांद्याच्या फटीत बसते आणि वारा अडवते. अगदी मोठा, दोन्ही हातांत धरावा असा कांदाही चाळीला बरा नाही. मध्यम, साधारण साडेचार ते साडेसात सेंटिमीटरचा माल सगळ्यात चांगला टिकतो.

पहिल्यांदा निवडताना हात अडखळतो. "हा तर चांगलाच दिसतोय" म्हणत माणूस परत ढिगात टाकतो. एक नियम ठेवा: विचार करावा लागला तर बाहेर. बाहेर काढलेला माल फुकट जात नाही, त्याच आठवड्यात विकून टाका. घरखर्चाला, मजुरीला तोच पैसा येतो.

७. चाळ: थोडक्यात मापं

नवीन बांधत असाल तर ही मापं धरा. आधीची असेल तर कुठे कमी पडते ते बघा.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, बांबूचा किंवा फळ्यांचा, फटी ठेवून, म्हणजे खालूनही वारा आला पाहिजे. खालच्या जमिनीवर मुरूम किंवा वाळू. कांद्याचा थर रुंदीला चार फूट, उंचीला चार ते पाच फूट. पाच ही शेवटची हद्द. मी पहिल्या वर्षी सहा-साडेसहा फूट भरला होता. वरच्या वजनाने खालचा चेपतो आणि मधला श्वास कोंडतो, कारण कांदा जिवंत असतो, तो उष्णता आणि ओल सोडत राहतो. ती बाहेर पडायला वाट हवी.

एक पाखी (कांद्याची एकच ओळ असलेली) चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम. छताला कौलं किंवा सिमेंटचे पत्रे चांगले. लोखंडी पत्रा असेल तर त्याच्या खाली पाचटाचा थर बांधा, नाहीतर दुपारी तापतो आणि पावसाळी रात्री त्याच्या पोटाला थेंब धरतात. छत बाजूंनी तीन फूट तरी बाहेर यायला हवं, पावसाचा झोत आत येऊ नये म्हणून.

किती मावेल? आमच्या चाळीत मोजून बघितलं, घनफुटाला साधारण १५-१६ किलो बसतो. म्हणजे ३० फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच असा एक कप्पा घेतला तर ४८० घनफूट, म्हणजे ७२ ते ७७ क्विंटल. एकरी उत्पादन १०० ते १५० क्विंटल धरून चाळ आखा. लहान चाळीत दाबून भरण्यापेक्षा जादा माल आधीच विकलेला परवडतो.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. कागदपत्रं: सातबारा उतारा, त्यावर कांदा पिकाची नोंद, आठ-अ, आधार, आधारला जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला. आता शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. सातबाऱ्यावर कांद्याची नोंदच नसणं ही नेहमीची अडचण, म्हणून ई-पीक पाहणी वेळेवर करा. आणि सगळ्यात मोठा सापळा: पूर्वसंमती हातात यायच्या आधी बांधकाम सुरू करणं. आमच्या गावात एकाने "मंजुरी येईलच" म्हणून मेमध्ये चाळ उभी केली आणि अनुदानाला मुकला. अनुदानाची रक्कम आणि अटी बदलत राहतात, त्या त्या वर्षी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्या.

८. भरणी

भरायच्या आधी चाळ झाडून घ्या. गेल्या वर्षीची पत्ती, सडका लगदा, उंदरांची घरटी, सगळं बाहेर. दोन दिवस ऊन-वारा लागू द्या.

भरायला सकाळची वेळ चांगली, दुपारी उन्हाने तापलेला कांदा चाळीत घालू नका. पाटी वाकून रिकामी करा. ट्रॉलीतून फळी लावून ओतणं किंवा चार-पाच फुटांवरून फेकणं म्हणजे प्रत्येक कांद्याला एक अदृश्य मार. कांद्यावर पाय देऊन चालू नका, पोरांना तर अजिबात चढू देऊ नका. वेगवेगळ्या प्लॉटचा माल वेगवेगळ्या कप्प्यात. ज्याच्याबद्दल शंका आहे तो दाराशी, म्हणजे आधी निघेल. खात्रीचा माल आत.

आता पावडरीबद्दल. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने "कांदा टिकवायची पावडर" म्हणून पिशवी गळ्यात मारली आणि मी ती थराथरावर धुरळली. पिशवीवर घटकांचं नावसुद्धा धड नव्हतं. पूर्वी लोक बीएचसी टाकायचे. त्या कीटकनाशकावर भारतात १९९७ पासून बंदी आहे, तरी "पांढरी पावडर" हा शब्द काही जिभेवरून गेलेला नाही. ओल्या मानेला कुठलीही पावडर सुकवत नाही, आणि हा कांदा कोणाच्या तरी ताटात जाणार आहे. पैसे वाचवा.

९. पावसाळ्यातली राखण

कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा काही करावं लागत नाही. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की आर्द्रता ऐंशीच्या वर जाते, तापमान पंचविशीच्या खाली उतरतं. ओलीने काजळी आणि सड येते, गारव्याने कोंब फुटतात. म्हणून जुलै-ऑगस्ट हे परीक्षेचे महिने.

झोताच्या बाजूला शेडनेट किंवा बारदानाचे पडदे लावा, पण गुंडाळता येतील असे. पाऊस थांबला, वारा सुटला, की वर करा. लोक जूनमध्ये ताडपत्री बांधतात ती थेट सप्टेंबरमध्ये सोडतात. आत भट्टी होते.

आठवड्यातून एकदा चाळीभोवती फेरी मारा, शक्यतो सकाळी, नाक उघडं ठेवून. चांगल्या चाळीला कोरड्या पत्तीचा वास येतो. आंबूस, उग्र वास आला तर त्या भागाखाली वाळू बघा. ओल असेल तर त्याच दिवशी तेवढा कप्पा फोडा, उद्यावर टाकू नका. आठवड्यात एकाचे दहा होतात. काजळी म्हणजे पत्तीवरची काळी भुकटी. वरच्या पत्तीपुरती असेल तर पत्ती काढून माल विकता येतो. आत गेली असेल तर तो कांदा खाद (खराब माल) म्हणूनच जातो.

कोंबांसाठी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाचं विकिरण केंद्र आहे, त्याबद्दल नवखे हमखास विचारतात. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. नीट न सुकवलेल्या मालाला त्याचा उपयोग नाही.

१०. कधी विकायचा?

भाव मला कळत नाही, कळला असता तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. पण एक हिशोब प्रत्येकाने मेमध्येच कागदावर मांडावा. चांगल्या चाळीतही चार-पाच महिन्यांत वजनघट, सड, कोंब मिळून पाव हिस्सा जाईल असं धरा. समजा मेमध्ये १०० क्विंटल माल आहे आणि भाव १२०० रुपये, म्हणजे १,२०,००० रुपये. सप्टेंबरमध्ये ७५ क्विंटल उरला तर तेवढेच पैसे मिळायला भाव १६०० हवा. त्यात निवडणीची मजुरी, चाळीचा खर्च आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज वेगळं. हा आकडा माहीत असला की जुलैमध्ये १५०० ला विकायचं की थांबायचं, हे भावनेवर राहत नाही.

मी सगळा माल एकदम ठेवत नाही. तिसरा हिस्सा मेमध्ये, तिसरा जुलै-ऑगस्टमध्ये, उरलेला शेवटी. यात कधीच सर्वात जास्त भाव मिळत नाही, हे मान्य. झोप मिळते.

बाजारात नेताना पुन्हा निवड करा. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, कुठेही न्या, ट्रॉलीतला वरचा थर सुंदर आणि खाली खाद असेल तर व्यापारी हात घालून बघतोच. वक्कल (लिलावात विकलेला माल) खाली झाल्यावर भाव पाडला जातो आणि वादात दिवस जातो. काटापट्टी आणि हिशोबपट्टी घेतल्याशिवाय निघू नका आणि दोन्ही त्याच वहीत चिकटवा.

नाशिक शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी

दर एप्रिल-मेमध्ये ओळखीचे लोक वर्षाचा म्हणून ५०-६० किलो कांदा मागतात आणि ऑगस्टमध्ये फोन करतात की सडला. गोणीत बांधून गॅलरीत ठेवलेला असतो, दुसरं काय होणार. गोणी आल्या दिवशीच सोडा. पलंगाखाली किंवा पोटमाळ्यावर बारदान अंथरून एका थरात, फार तर दोन, पसरा. पंखा फिरतो ती खोली चांगली. बटाट्याशेजारी नको, फ्रीजमध्ये तर नकोच. पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवा आणि मऊ निघेल तो त्या दिवशीच्या भाजीत. पातीसकट कांदा मिळाला तर वेण्या घालून खुंटीला टांगा. माझी आजी स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगायची. वाटाण्याएवढी मान झालेले ते कांदे दिवाळीपर्यंत पुरायचे.

चाळ रिकामी झाल्यावर

सडका माल चाळीच्या आसपास टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा. तो वावरात पसरला तर रोग परत त्याच जमिनीत जातो. तळाच्या फळ्या उचलून उन्हात टाका, मोडलेले बांबू बदला, खालची काळी पडलेली वाळू काढून नवी टाका. हे दसऱ्याच्या आसपास उरकून घ्या, कारण त्यानंतर उळं टाकायची घाई सुरू होते आणि चाळीकडे बघायला थेट पुढचा एप्रिल उजाडतो.